रक्त लाल का असतं, आणि टेस्टला काढलेलं रक्त काळपट का दिसतं

मला विचारलेल्या प्रश्नाचे तीन तुकडे आहेत. माणसाचं रक्त लालच का असतं? रक्तात लोखंड असतं आणि लोखंड गंजलं की लाल होतं, म्हणून का? आणि तिसरा, जो मला वाटतं खरा प्रश्न आहे, की टेस्टसाठी हातातून रक्त काढलं तेव्हा ते काळपट मरून रंगाचं आलं, मग रक्त अशुद्ध झालंय का, साफ करायला काही घ्यावं का. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, आधी बरीच वर्षं ब्लड बँकेत काढली, आता स्वतःची छोटी लॅब आहे, त्यामुळे हा तिसरा प्रश्न काउंटरवर सारखा कानावर येतो. घाईत असाल तर एवढंच वाचा: रक्त अशुद्ध नाही, शिरेतलं रक्त तसंच दिसतं, रक्तशुद्धीच्या बाटल्या आणू नका. वेळ असेल तर पुढे वाचा, जरा लांबलंय.

मुळात आख्खं रक्त लाल नसतंच. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये घेतलेलं रक्त न हलवता स्टँडला ठेवून दिलं की हळूहळू लाल भाग खाली बसतो आणि वर फिकट पिवळं पाणी सुटतं, तो प्लाझ्मा. सेंट्रिफ्यूजला (ट्यूब गरगर फिरवणारं मशीन) लावलं तर हेच काही मिनिटांत होतं. निम्म्याहून जास्त भाग, साधारण ५५ टक्के, हा पिवळा प्लाझ्माच असतो. लाल आहेत त्या फक्त खाली बसलेल्या तांबड्या पेशी, आणि त्यातली एकेकटी पेशी मायक्रोस्कोपखाली स्टेन (रंग चढवणारं द्रव्य) न लावता बघितली तर तीही लाल दिसत नाही, फिकट पिवळसर दिसते. (रिपोर्टच्या फोटोत गुलाबी दिसते ती स्टेनची कृपा.) पेशी सात-आठ मायक्रॉन रुंद आणि जेमतेम दोन मायक्रॉन जाड, एवढ्याशा जाडीतून जाताना प्रकाश फारसा अडतच नाही. पण एका मायक्रोलिटरमध्ये अशा ५० लाखांच्या आसपास पेशी दाटीवाटीने भरलेल्या असतात, आणि त्या थरातून प्रकाश गेला की मग तो आपल्या ओळखीचा लाल रंग दिसायला लागतो.

पेशीत असतं हिमोग्लोबिन, म्हणजे आपलं एचबी. एका पेशीत त्याचे सुमारे २७ कोटी रेणू असतात, जागा करण्यासाठी पेशीने आपलं केंद्रकसुद्धा बाहेर टाकून दिलेलं असतं. पेशी जगते १२० दिवस, आणि गेलेल्यांची भरपाई म्हणून हाडांमधली मज्जा दर सेकंदाला वीसेक लाख नवीन पेशी बनवत असते. एकेका हिमोग्लोबिनमध्ये प्रोटीनच्या चार साखळ्या, प्रत्येक साखळीच्या कुशीत एक हीम नावाचा चपटा रेणू. प्रोटीनला स्वतःला रंग नाही. रंग सगळा त्या हीमचा. हीम म्हणजे कार्बन आणि नायट्रोजनची एक रिंग, तिला पॉरफिरिन म्हणतात, आणि अंगठीत खडा बसवावा तसा तिच्या बरोबर मध्ये लोखंडाचा एक अणू.

आता गंजाची थिअरी घेऊ, कारण ती शाळेपासून डोक्यात बसलेली असते आणि ऐकायला पटते पण. लोखंड आहे, ऑक्सिजन आहे, लाल रंग आहे, झालं की सिद्ध! पण गंजात लोखंड ऑक्सिजनशी कायमचं बांधलं जातं, परत सुटत नाही. हिमोग्लोबिनचं सगळं कामच उलटं आहे, फुप्फुसात ऑक्सिजन धरायचा आणि पायाच्या अंगठ्यापर्यंत नेऊन सोडून द्यायचा. तो कायमचा चिकटला तर आपण दोन मिनिटांत संपलो. (धरलेला असताना लोखंडाची नेमकी अवस्था काय असते यावर केमिस्ट मंडळी लायनस पॉलिंग या रसायनशास्त्रज्ञाच्या काळापासून भांडतायत, त्यात मी पडत नाही.) आणि सगळ्यात मोठं म्हणजे हिमोग्लोबिनमधलं लोखंड खरोखर गंजासारखं ऑक्सिडाइज झालं तर रक्त लाल होत नाही, चॉकलेटी होतं आणि निकामी होतं. त्यावर खाली येतोच.

लोखंडामुळेच लाल म्हणणाऱ्यांना मी एक साधी गोष्ट विचारतो, बी ट्वेल्व्हचं इंजेक्शन बघितलंय का? लालभडक असतं ना? त्यात लोखंडाचा कणही नाही. त्यात कोबाल्ट आहे, आणि भोवती हीमच्या रिंगची सख्खी चुलत बहीण शोभेल अशी रिंग आहे. (इंजेक्शन लाल म्हणून त्याने रक्त वाढतं असा समज आहे, त्या पेशंटला बी ट्वेल्व्ह कमी असेल तर वाढेलही, पण ते रंगामुळे नाही.) अशाच प्रकारच्या रिंगमध्ये मॅग्नेशियम बसवा आणि रिंगेत थोडे बदल करा, हिरवं क्लोरोफिल तयार, म्हणजे आपल्या अंगणातल्या तुळशीचा रंग आणि आपल्या रक्ताचा रंग एकाच खानदानातले. आणि रिंगमध्ये धातूच घातला नाही तरी ती बिनरंगाची राहत नाही, लोखंड नसलेलं प्रोटोपॉरफिरिन लालसर असतं आणि अतिनील दिव्याखाली तर लाल चमकतं. पॉरफिरिया नावाचा एक दुर्मिळ आजार आहे, त्यात या रिंगा नीट पूर्ण होत नाहीत आणि लघवीतून बाहेर पडतात, ती लघवी उजेडात ठेवली की गडद लाल होते, एकदा बघितलेला डॉक्टर विसरत नाही. तर रंग रिंगचा आहे, लोखंड त्याची नेमकी छटा ठरवतं. दोघं मिळून.

रिंग रंगीत का, तर तिच्यात एकाआड एक दुहेरी बंध असतात आणि त्यातले इलेक्ट्रॉन कुठल्या एका अणूला बांधलेले नसतात, पूर्ण रिंगभर मोकळे फिरतात. असे इलेक्ट्रॉन डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाचेच ठराविक रंग शोषतात. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन ४१५ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे जांभळा-निळा प्रकाश, जवळजवळ गिळूनच टाकतं, मग ५४१ आणि ५७७ ला हिरवा-पिवळसर पट्टा खातं. ६०० च्या पुढचा लाल प्रकाश मात्र त्याला फारसा नको असतो, तो सुटतो आणि आपल्या डोळ्यात येतो. झालं, रक्त लाल. यात निसर्गाने लाल रंग निवडला वगैरे काही नाही. निवड झाली ती ऑक्सिजन धरता-सोडता येण्याची, कारण ऑक्सिजन नुसत्या पाण्यात फार कमी विरघळतो. एचबी १५ (म्हणजे १०० मिलीमागे १५ ग्रॅम) असलेल्या माणसाच्या १०० मिली धमनीतल्या रक्तात सुमारे २० मिली ऑक्सिजन असतो, त्यातला प्लाझ्मात विरघळलेला फक्त ०.३ मिली, उरलेला सगळा हिमोग्लोबिनवर. रंग हा त्या सौद्यात फुकट आलेला.

आता काळपट रक्ताकडे. ऑक्सिजन बसला की हिमोग्लोबिनचा आकारच जरा बदलतो (मॅक्स पेरुट्झने एक्स-रेने ही रचना काढली, १९६२ चं नोबेल त्याला आणि केंड्रूला मिळालं), लोखंडाभोवतीची मांडणी हलते, आणि तसा प्रकाश शोषण्याचा पॅटर्न पण बदलतो. ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन लाल प्रकाशही बऱ्यापैकी शोषतं, ६६० नॅनोमीटरला तर ऑक्सिजनवाल्याच्या दहापट. म्हणून ते गडद, मरून, कमी उजेडात काळंच दिसतं. लॅबमध्ये आम्ही रक्त काढतो ते कोपरापाशी शिरेतून, म्हणजे शरीराला ऑक्सिजन देऊन परत निघालेलं रक्त. त्यात दंडाला पट्टा बांधलेला, मूठ आवळलेली, म्हणजे अजून थोडा ऑक्सिजन वापरला गेला. काळपट येणारच की! आयसीयूमध्ये मनगटाच्या धमनीतून एबीजीसाठी (धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी) रक्त काढतात ते बघा, लालभडक असतं आणि सिरिंजचा दट्ट्या स्वतः वर ढकलत येतं. दोन्ही त्याच माणसाचं. एवढंच कशाला, शिरेतलं काळपट रक्त वाटीत हवेवर हलवत ठेवलं तर तेही उजळतं. रिचर्ड लोअर नावाच्या इंग्लिश डॉक्टरने १६६९ मध्ये हेच दाखवून दिलं होतं की फुप्फुसातून जाताना हवा मिसळते म्हणून रक्ताचा रंग उजळतो, ऑक्सिजनचा शोध लागायच्या शंभर वर्षं आधी. नंतर १८६४ मध्ये स्टोक्स नावाच्या शास्त्रज्ञाने स्पेक्ट्रोस्कोपखाली (प्रकाशाचे रंग सुटे करून दाखवणारं उपकरण) दाखवलं की एकाच रंगद्रव्याच्या या दोन अवस्था आहेत आणि एकीतून दुसरीत मागेपुढे जाता येतं.

मग शुद्ध-अशुद्ध कुठून आलं? पाठ्यपुस्तकातून. हृदयाच्या चित्रात डावीकडे लाल, उजवीकडे निळा रंग, आणि खाली शुद्ध रक्त, अशुद्ध रक्त. आपण सगळ्यांनी ते रंगवून मार्क घेतलेत. निळं रक्त माणसात कुठेच नसतं, आणि शिरेतलं रक्त घाण पण नसतं, त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त आणि ऑक्सिजन कमी, तरीसुद्धा हिमोग्लोबिनच्या ७० टक्क्यांच्या आसपास जागांवर ऑक्सिजन बसलेलाच असतो. पुस्तकं बदलायला हवीत असं मला मनापासून वाटतं, कारण त्या एका चित्राच्या जोरावर किती जणांनी किती काढे विकलेत याची गणतीच नाही.

पण हातावरच्या शिरा तर निळ्या दिसतात! हो, आणि शिरेची भिंत काही निळी नसते, आतलं रक्तही नाही. निळा प्रकाश कातडीत खोल जात नाही, वरच्यावरच विखरून परत येतो. लाल प्रकाश आत खोल जातो, शिरेपर्यंत पोचतो आणि तिथलं गडद रक्त त्यातला बराचसा गिळून टाकतं. त्यामुळे शिरेवरच्या जागेतून आजूबाजूच्या कातडीपेक्षा लाल प्रकाश कमी परत येतो, निळा मात्र जवळपास तेवढाच, आणि मेंदू शेजारच्या कातडीशी तुलना करून ठरवतो की हे निळं आहे. अगदी वरवरच्या बारीक केशवाहिन्या याच कारणाने लालच दिसतात. एक सांगायचं राहिलं, पेशंट निळा पडला म्हणतात ना, ओठ-नखं निळसर, त्यासाठी केशवाहिन्यांमध्ये १०० मिलीमागे सुमारे ५ ग्रॅम हिमोग्लोबिन ऑक्सिजनविना असावं लागतं. म्हणजे ज्याचं एकूण एचबीच ६ आहे तो गुदमरला तरी निळा पडेलच असं नाही. ओठ निळे नाहीत म्हणून ऑक्सिजन ठीक, हा हिशोब एचबी कमी असलेल्या पेशंटमध्ये चुकतो, जुनिअर डॉक्टरांना हे मी घसा फोडून सांगतो.

दोन लाल रंगातला हाच फरक आपण सगळ्यांनी २०२०-२१ मध्ये घरी पैसे देऊन मोजला आहे. पल्स ऑक्सिमीटर! बोटाला लावायचं ते चिमट्याचं यंत्र ६६० चा लाल आणि ९४० चा न दिसणारा इन्फ्रारेड असे दोन प्रकाश बोटातून आरपार सोडतं, आणि कुठला किती शोषला गेला यावरून ऑक्सिजनवालं हिमोग्लोबिन किती टक्के ते काढतं. नाडीबरोबर जो भाग कमीजास्त होतो तेवढाच धरायचा, म्हणजे धमनीतल्या रक्ताचंच रीडिंग मिळतं, ही ट्रिक जपानच्या ताकुओ आओयागी यांची, १९७४ ची. ते गेले एप्रिल २०२० मध्ये, नेमकं जगभर लोक त्यांचं यंत्र बोटाला लावून बसलेले असताना. यंत्र रंगावर चालतं म्हणून रंगानेच फसतं. गडद नेलपॉलिश असेल तर पुसा. कातडी गडद असेल तर ते ऑक्सिजन आहे त्यापेक्षा थोडा जास्त दाखवू शकतं, २०२० मध्ये अमेरिकेतल्या पेशंटचा डेटा तपासला तेव्हा न पकडलेला कमी ऑक्सिजन कृष्णवर्णीयांत गोऱ्यांपेक्षा जवळपास तिप्पट वेळा निघाला, आपल्याकडच्या कातडीचे रंग बघता हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

सगळ्यात वाईट फसवणूक कार्बन मोनॉक्साइडची. बंद बाथरूममधला गॅस गीझर, थंडीत बंद खोलीत पेटवलेली शेगडी, यातून हा गॅस होतो, वास नाही, रंग नाही. हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे-अडीचशे पट घट्ट धरतो, जागा अडवून बसतो, आणि रक्त होतं छान चेरीसारखं लाल. माणूस आतून ऑक्सिजनविना मरतोय आणि ऑक्सिमीटर ९८ दाखवतंय, कारण त्या दोन प्रकाशांना दोन्ही लाल सारखेच दिसतात. चेरी रंग पुस्तकात फार गाजलाय पण जिवंत पेशंटमध्ये क्वचितच नजरेला येतो, तो जास्त करून पोस्टमॉर्टेमच्या टेबलावरच दिसतो. त्यामुळे अंघोळीला गेलेलं माणूस आत बेशुद्ध सापडलं तर बोटावरच्या आकड्यावर विसंबू नका, आधी बाहेर मोकळ्या हवेत आणा आणि सरळ हॉस्पिटल गाठा, तिथे को-ऑक्सिमेट्रीची वेगळी तपासणी होते.

वर चॉकलेटी रक्त म्हणालो ते मेथहिमोग्लोबिन. लोखंडाने एक इलेक्ट्रॉन गमावला की ते ऑक्सिजन धरू शकत नाही. रोज थोडंसं हिमोग्लोबिन आपोआप असं होतच असतं आणि पेशीतलं एक एन्झाइम ते दुरुस्त करत राहतं, म्हणून निरोगी माणसात हे प्रमाण एखाद्या टक्क्याच्या आतबाहेर असतं. काही औषधांनी (डॅप्सोन, काही बधिर करणारी जेल), अॅनिलिनसारख्या रसायनांनी, किंवा तान्ह्या बाळांमध्ये नायट्रेट जास्त असलेल्या विहिरीच्या पाण्यात दूध कालवून दिल्याने ते एकदम वाढतं. पेशंट निळा-राखाडी दिसतो, ऑक्सिजन लावला तरी रंग सुधारत नाही, ऑक्सिमीटर ८५ च्या आसपास अडकून बसतं, आणि रक्ताचा थेंब टिपकागदावर घेऊन हवेत धरला तरी तपकिरीच राहतो, शिरेतलं नॉर्मल रक्त असं केल्यावर लाल होतं. खाटेपाशी करायची ही फुकट टेस्ट अजूनही कामाची आहे. उपचार गमतीशीर आहे, निळं औषध, मेथिलीन ब्लू, शिरेतून दिलं की निळा पेशंट गुलाबी होतो. अमेरिकेत केंटकीच्या डोंगरात फ्युगेट नावाचं एक कुटुंब होतं, त्यांच्यात ते दुरुस्ती करणारं एन्झाइमच पिढीजात कमी, त्यामुळे माणसं जन्मभर निळसर आणि तरी चांगली धडधाकट जगायची, १९६० च्या दशकात तिथल्या डॉक्टरने त्यांना हेच औषध दिलं. तर लोखंड गंजल्याने रक्त लाल होतं म्हणणाऱ्यांना माझं उत्तर हे कुटुंब आहे. कपड्यावर सांडलेलं रक्त वाळल्यावर तपकिरी पडतं तेही यातलंच, दुरुस्ती करणारं कोणी उरलेलं नसतं ना. आणि हिरवं रक्तही होतं बरं का, सल्फर हीमला चिकटला तर. कॅनडात व्हँकुव्हरला ऑपरेशनच्या वेळी एका पेशंटच्या धमनीतून गडद हिरवट रक्त आलं होतं, मायग्रेनच्या गोळ्यांवर शंका गेली, २००७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलंय.

मुका मार लागल्यावर काळंनिळं पडतं, मग हिरवट, मग पिवळं, हा हीमचाच शेवटचा प्रवास आहे, कातडीखाली सगळ्यांना बघायला मिळतो. सांडलेल्या पेशी साफ करणाऱ्या पेशी हीमची रिंग एका जागी तोडतात, रिंग उघडली की बिलीव्हर्डिन, ते हिरवं. त्याचं पुढे बिलिरुबिन, ते पिवळं. लोखंड मात्र टाकून देत नाहीत, जपून साठवतात, म्हणून जागा थोडे दिवस तपकिरी राहते. रोज म्हाताऱ्या होऊन मोडणाऱ्या पेशींचंही प्लीहा आणि लिव्हरमध्ये असंच होतं. लघवी पिवळी का आणि संडास तपकिरी का, दोन्हींचं उत्तर हेच, मोडलेल्या हीमचे तुकडे. कावीळ म्हणजे तेच बिलिरुबिन साठून राहिलं. वर सांगितलेला प्लाझ्माचा पिवळेपणा पण बऱ्यापैकी त्याचाच. ब्लड बँकेत प्लाझ्माच्या पिशव्या रांगेत ठेवल्या की मजा असते, कावीळवाला हळदी, रात्री तुपकट जेवून आलेल्याचा दुधाळ, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बाईचा कधीकधी चक्क हिरवट (तांबं वाहणारं एक प्रोटीन वाढतं म्हणून). आणि प्लाझ्मा लालसर दिसला तर आम्ही कपाळाला हात लावतो, म्हणजे काढताना किंवा आणताना पेशी फुटल्या, पोटॅशियम खोटंच जास्त येणार, सॅम्पल परत घ्यावं लागणार. पुन्हा सुई टोचायला बोलावलं तर लॅबवाल्यावर चिडू नका, चुकीचा रिपोर्ट देण्यापेक्षा ते बरं.

सगळ्या प्राण्यांचं रक्त लाल असतं का? नाही. चिंबोरी साफ करताना लाल रक्त दिसलंय का कधी? खेकडे, कोळंबी, ऑक्टोपस यांच्यात ऑक्सिजन वाहायला लोखंडाऐवजी तांबं असलेलं हिमोसायनिन असतं, ऑक्सिजन असताना निळसर, नसताना जवळजवळ बिनरंगी. झुरळाचं पांढरट निघतं कारण त्याच्या रक्ताकडे ऑक्सिजन वाहायचं कामच नाही, हवा नळ्यांतून थेट आत जाते. डास मारल्यावर लाल डाग पडतो तो आपल्याच रक्ताचा. उलट, सोसायटीच्या न धुतलेल्या टाकीत कधी बारीक लाल अळ्या सापडतात, त्या लाल असतात त्यांच्या स्वतःच्या हिमोग्लोबिनमुळे, तळाच्या गाळात ऑक्सिजन कमी मिळतो म्हणून. (टाकी मात्र धुवाच.) अंटार्क्टिकाच्या समुद्रात एका जातकुळीचे मासे आहेत, आइसफिश, त्यांनी हिमोग्लोबिन सोडूनच दिलंय, रक्त पाण्यासारखं. अतिथंड पाण्यात ऑक्सिजन जास्त विरघळतो म्हणून भागतं, तरी हृदय भलंमोठं लागतं.

आणि शेतकरी वाचत असतील तर हे तुम्हाला माहीत असेलच, सोयाबीन किंवा हरभऱ्याचं रोप उपटून मुळावरची गाठ नखाने फोडली आणि आतून गुलाबी-लाल निघाली तर गाठ काम करतेय, नत्र धरतेय, आणि पांढरी किंवा हिरवट निघाली तर नाही. तो गुलाबी रंग लेगहिमोग्लोबिनचा. आपल्या हिमोग्लोबिनचाच नातेवाईक, तसंच हीम, मध्ये तसंच लोखंड. गाठीतल्या जिवाणूंना श्वासापुरता ऑक्सिजन पोचवायचा पण नत्र धरणारं एन्झाइम ऑक्सिजनने बिघडू द्यायचं नाही, असं दुहेरी काम ते करतं. मराठवाड्यातला शेतकरी गाठ फोडून रंग बघतो आणि मी लॅबमध्ये ट्यूब बघतो, दोघंही हीमच वाचतोय.

रंग बघून एचबी सांगता येतं का, हेही लोक विचारतात. येत नाही, निदान शिरेतल्या रक्तावरून तर नाहीच, कारण ऑक्सिजन किती यावर छटा सारखी बदलते. आम्ही शिकलो तेव्हा साहलीची पद्धत होती, २० मायक्रोलिटर रक्त अॅसिडमध्ये टाकायचं, ते तपकिरी होतं, मग थेंब थेंब पाणी घालत बाजूच्या तपकिरी काचेशी रंग जुळवायचा आणि नळीवरचा आकडा वाचायचा. लाल रक्त मोजायला आधी ते तपकिरी करायचं हे विद्यार्थ्यांना विचित्र वाटतं, पण मुद्दाच तो आहे, आधी सगळं हिमोग्लोबिन एकाच रंगात आणायचं आणि मग मोजायचं. नंतर ड्रॅबकिनचं सोल्युशन आलं, रंग ५४० नॅनोमीटरला मशीन मोजायला लागलं, आता पेशी मोजणारं मशीन एका मिनिटात सगळं करतं, तत्त्व तेच. रक्तदान शिबिरात बोटाचा थेंब निळ्या मोरचुदाच्या पाण्यात सोडतात ते मात्र रंग बघत नाहीत, वजन बघतात, त्या पाण्याचं विशिष्ट गुरुत्व १.०५३ ठेवलेलं असतं, थेंब बुडाला तर एचबी १२.५ च्या वर, घ्या रक्त. दान केल्यावर पिशवीतलं रक्त काळपट दिसतं म्हणूनही काही जण हिरमुसतात, तेही शिरेतलंच आहे हो. रंग आम्ही एकाच गोष्टीसाठी बारकाईने बघतो, पिशवी तिच्याच नळीतल्या रक्तापेक्षा जास्त जांभळी-काळी दिसली तर आत जंतू वाढून ऑक्सिजन खातायत अशी शंका घ्यायची आणि ती पिशवी कोणालाही द्यायची नाही.

एचबी कमी असलं की रक्त पातळ आणि फिकं दिसतं, पण ते ठळक दिसेपर्यंत ते बरंच खाली गेलेलं असतं. त्याआधी कातडी, जीभ, डोळ्याच्या खालच्या पापणीची आतली बाजू पांढुरकी होते. आपल्याकडे हे किती आहे तर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी देशात ५७ टक्के आणि महाराष्ट्रात ५४ टक्के रक्तक्षयाच्या रेषेखाली होत्या. आणि घरोघरी उपाय काय, तर बीट आणि डाळिंब, कारण लाल! बीटचा लाल रंग बीटालेनचा, डाळिंबाचा अँथोसायनिनचा, हीमशी त्यांचं काही नातं नाही आणि लोखंडही दोन्हींत बेताचंच. आवडत असेल तर खा, पण लोखंड हवं असेल तर अळीव, राजगिऱ्याची भाजी, चवळी, चालत असेल तर कलेजी-मटण, भाजीवर लिंबू पिळा, आणि जेवल्या जेवल्या चहा नको, त्याने लोखंड कमी शोषलं जातं. एचबी ८-९ पर्यंत खाली आलं असेल तर नुसत्या खाण्याने भागत नाही, गोळ्या लागतात, आणि एचबी नॉर्मल झाल्यावरही साठा भरायला अजून दोन-तीन महिने.

त्या गोळ्यांनी संडास काळी होते, ते गोळीतल्या लोखंडामुळे, घाबरायचं नाही. पण गोळी चालू नसताना काळी, चिकट, उग्र वासाची संडास झाली तर ती पोटात वरच्या भागात रक्तस्राव होत असल्याची खूण असू शकते (रक्त आतड्यातून येता येता काळं पडतं), त्यात उशीर करायचा नाही, त्याच दिवशी डॉक्टर. बीट खाऊन लघवी गुलाबी होणं किंवा टीबीच्या औषधाने नारिंगी होणं निरुपद्रवी आहे, बाकी लघवी लाल दिसली तर तपासून घ्या, दुखत नसेल तर जास्तच. आणि प्रश्न विचारणाऱ्याने रंगाची काळजी सोडून सीबीसीचा (रक्तातल्या पेशी आणि एचबी मोजणारी नेहमीची टेस्ट) कागद बघावा, एचबी पुरुषात १३ च्या वर, बाईत १२ च्या वर, गरोदर असेल तर ११, त्याखाली असेल तर सोबत फेरिटिन (शरीरातला लोखंडाचा साठा दाखवणारी टेस्ट) करून घ्या म्हणजे लोखंडच कमी आहे की दुसरं काही ते कळेल. सीबीसीला उपाशीपोटी यायची गरज नसते, नाश्ता करून या.